इंग्रजी यंग अडल्ट (किशोरवयीनांसाठीच्या) कादंबऱ्या भराभर वाचणाऱ्या १३ वर्षांच्या मुलीला मराठी कादंबरी कुठली द्यावी?

पानखूण

भाची १३ वर्षांची, आठवीत, बंगळुरात. घरात मराठी, शाळेत इंग्रजी-हिंदी-कन्नड. हिंदीमुळे देवनागरी येते, पण मराठी वाचायची सवय नाही. 'हंगर गेम्स'चे तिन्ही भाग आणि पर्सी जॅक्सनची मालिका संपवून झाली आहे. मराठीचा वेग घड्याळ लावून मोजला, तर मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण ९० शब्द पडतात. इंग्रजी मनातल्या मनात याच्या दुपटीहून जास्त.

दोन प्रयोग फसलेत. फास्टर फेणे 'लहान मुलांचं आहे' म्हणून बाजूला पडला. 'मृत्युंजय' तिसाव्या पानाच्या पुढे गेलं नाही.

बालसाहित्य नको आणि थेट मोठ्यांची जाडजूड कादंबरीही नको. मधलं काय आहे? कुठल्या क्रमाने द्यावं? आणि एखादं पुस्तक कुठे अडतं, का अडतं, तेही लिहा. नुसती नावांची यादी मिळाली की ती यादीच राहते.

मध्यमपदलोपी

फसलेल्या दोन्ही प्रयोगांत उत्तर आहे. तिचं आशयाचं वय सोळा आहे आणि मराठी वाचनाचं वय नऊ-दहा. फास्टर फेणे भाषेला बरोबर बसला, आशयाला तोकडा पडला. बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात येतो, सायकल हाणतो, 'ट्टॉक' करतो, चोर पकडतो. पण त्याच्या मनात काय चाललंय यावर लेखक भा. रा. भागवत फारसे रेंगाळत नाहीत. हंगर गेम्स वाचलेल्या मुलीला नेमकं तेच हवं असतं. ती कादंबरी सगळी नायिका कॅटनिसच्या तोंडून आणि चालू वर्तमानकाळात आहे. 'मृत्युंजय'चं उलटं. आशय तिला झेपला असता. कर्णासकट सहा जण आळीपाळीने बोलतात, रचना कुणालाही आवडेल अशीच. पण भाषा संस्कृतप्रचुर, वाक्यं लांब आणि पुस्तक विटेएवढं.

आता हिशोब. डेमी आकाराच्या पानावर साधारण २५० ते ३०० शब्द मावतात. २८० धरा. शंभर पानांचं पुस्तक म्हणजे २८,००० शब्द. मिनिटाला ९० या वेगाने सव्वापाच तास, रोज २० मिनिटं वाचलं तर १६ दिवस. तीनशे पानांच्या पुस्तकाला त्याच वेगाने ४७ दिवस लागतात. दीड महिना एकच पुस्तक चालू ठेवायचं तर गोष्टीने फार जोर लावावा लागतो. त्यामुळे पहिली दोन पुस्तकं दीडशे पानांच्या आतली निवडा. वेग वाढला की मग जाड.

माझं पहिलं नाव कुणाला विचित्र वाटेल: व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. शंभराच्या आसपास पानं. वानरांच्या टोळीची गोष्ट. जुना हुप्प्या, त्याची जागा घ्यायला आलेला नवा, आणि मधे माद्या नि पिल्लं. माणसांचे संवाद नाहीत, त्यामुळे बोलीभाषेची अडचण नाही. वाक्यं आखूड. आणि आशय अजिबात बालिश नाही: नवा नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा पिल्लांचं काय होतं, हे माडगूळकर डोळे न मिटता लिहितात. हंगर गेम्स पचवलेल्या मुलीला ते पचेल. पण पालकांनी आधी चाळून घ्यावं. अडतील ती झाडापाखरांची नावं. अडू द्यावीत. प्रत्येक झाड शब्दकोशात शोधायला लागलं की वाचन मेलं.

दुसरं 'बनगरवाडी', तेही माडगूळकरांचंच. दीडशेच्या आत पानं, निवेदक कोवळा मास्तर, नव्या गावात एकटा. 'नवख्या जगात येऊन पडलेला तरुण' हा यंग अडल्टचा लाडका साचा इथे १९५५ सालीच आहे. मात्र संवाद माणदेशी. पहिली वीस पानं मोठ्या माणसाने मोठ्याने वाचून द्यावीत. कानाला चाल सापडली की डोळ्यांना अडत नाही.

शेवटचा बाक

वरचं ठीक आहे, पण वानरं आणि मेंढपाळ देऊन मुलगी किती दिवस टिकणार? तिला तिच्या वयाची माणसं हवीत. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) सोडून ही चर्चा होऊच शकत नाही.

निवेदक मुकुंद जोशी नववीत आहे. काळ आणीबाणीचा. चार मित्र, एक अर्धवट बांधकाम झालेली इमारत, तिथे बसून जगाची चिरफाड, आणि मुकुंदाला आवडणारी वर्गातली शिरोडकर. वर्गातलं राजकारण, कुठले सर कसे मारतात, घरी काय बोलायचं आणि काय गिळायचं, हे सगळं मुकुंदाच्याच आवाजात. ज्याला इंग्रजीत 'व्हॉइस' म्हणून डोक्यावर घेतात ते हेच.

अडतं तीन ठिकाणी. एक, मुलांची सांकेतिक भाषा. 'लाईन' म्हणजे काय, हे पहिल्या काही पानांत संदर्भाने कळतं, पण मराठी शाळेत न गेलेल्या मुलीला कुणीतरी आधी हसत हसत सांगितलेलं बरं. दोन, आणीबाणी. जून १९७५ ते मार्च १९७७, सेन्सॉरशिप, विरोधकांची धरपकड, एवढ्या चार ओळी पुरतात; त्याशिवाय मोठ्यांच्या दबक्या गप्पा हवेत राहतात. तीन, मधली संथ पानं. घटना कमी, निरीक्षण जास्त. पर्सी जॅक्सनची सवय असलेल्याला शंभराव्या पानाच्या आसपास 'पुढे काय?' असं होतं. तिथे पुस्तक मिटलं तर ओरडू नका, आठ दिवसांनी पुन्हा उघडू द्या.

सिनेमा (२०१२ मध्ये आला) आधी दाखवू नका. गोष्ट कळते पण मुकुंदाची आतली बडबड हातची जाते, आणि पुस्तकाचा जीव त्या बडबडीतच आहे.

पानं तीनशेच्या आसपास. म्हणजे मध्यमपदलोपींच्या हिशोबाने दीड महिना. मान्य. म्हणून तिसरं पुस्तक म्हणून द्या, पण द्याच.

काना_मात्रा

'शाळा' थोर आहे, वाद नाही. फक्त एक गोष्ट कुणी बोलत नाही. त्यात मुली दिसतात त्या मुलांच्या नजरेतून. शिरोडकरला काय वाटतं हे मुकुंदाला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. कादंबरी म्हणून ते प्रामाणिकच आहे, नववीतल्या मुलाला कुठून कळणार? पण १३ वर्षांची मुलगी, जिने कॅटनिस वाचली आहे, ती विचारणार: 'ही कधी बोलणार?' विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

मूळ मराठीत मुलीच्या बाजूने लिहिलेली, या वयाला बसणारी कादंबरी शोधायला गेलं की हात थोडा रिकामाच येतो. ताम्हनकरांची 'चिंगी' आहे, पण ती लहानांची आणि फार जुन्या काळातली. अलीकडच्यातली सुनीता बोर्डे यांची 'फिन्द्री' सुचवेन. दलित कुटुंबातली मुलगी, तिच्या शिक्षणाच्या आड येणारा बाप आणि पाठीशी उभी राहणारी आई. नकोशा मुलीसाठीचा शब्दच पुस्तकाचं नाव आहे. घरातली मारहाण आणि जातीचं वास्तव थेट येतं. १४-१५च्या आधी एकटीने वाचायला देऊ नये, सोबत वाचावं. बोली मराठवाड्याकडची, त्यामुळे बंगळुरातल्या मुलीला कठीण. दुसऱ्या वर्षाचं पुस्तक म्हणा हवं तर.

तोपर्यंत अनुवादाला नाक मुरडू नका. शांता शेळक्यांची 'चौघीजणी', म्हणजे 'लिटल विमेन'. शांताबाईंचं मराठी घरातल्या बाईने बोलावं तसं वाहतं. आणि त्या चौघी बहिणींतली ज्यो ही कॅटनिसची पणजीच आहे!

दुपारची_सावली

बंगळूर म्हटल्यावर कुणालाच लंपन आठवू नये?

प्रकाश नारायण संतांची चार पुस्तकं: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. याच क्रमाने वाचायची. आधीच सांगते, या कादंबऱ्या नाहीत, एकाच मुलाच्या सलग कथा आहेत. या मुलीसाठी तोच फायदा. एक कथा दोन-तीन बैठकांत संपते, 'पुस्तक अर्धं राहिलं' हा अपराधीपणा येत नाही.

लंपन आजी-आजोबांकडे राहतो, सीमाभागातल्या गावात, आणि त्याच्या मराठीत कन्नड सर्रास मिसळलेलं आहे. पुण्या-मुंबईच्या मुलांची जिथे गाडी अडते तिथे हिची सुसाट जाईल. 'हे मला कळलं आणि मावशीला नाही कळलं' असं एकदा झालं की मराठी पुस्तक तिच्या मालकीचं झालं. ही संधी सोडू नका.

अडतं कुठे? लंपनचे स्वतःचे शब्द आहेत. 'मॅडसारखं' वगैरे. ते कोशात सापडणार नाहीत, आणि वाक्यंही कधीकधी विचार भरकटेल तशी भरकटतात. हंगर गेम्सच्या तुटक वाक्यांनंतर हे विणकाम दाट वाटतं. म्हणून पहिली कथा वाचून दाखवा. दुसरं, लंपन वयाने तिच्यापेक्षा लहान आहे. 'हेही लहान मुलांचं' असं ती म्हणू शकते. त्यावर उपाय लंपनची मैत्रीण सुमी. लंपन आणि सुमीमधलं जे न बोललेलं आहे ते लहान मुलांचं नाही. सुमी जिथे येते अशी कथा आधी वाचायला दिली तरी बिघडत नाही, क्रम मग लावा. मालिकेत पुढे घरातला मृत्यूही येतो, तेवढी कल्पना असू द्या.

@काना_मात्रा, सुमीबद्दल तुमचं मत वाचायला आवडेल. ती लंपनपेक्षा हुशार आहे आणि लंपनला ते माहीत आहे. मुलाच्या तोंडून सांगितलेल्या गोष्टीतही मुलगी उभी राहू शकते ती अशी.

काना_मात्रा

सुमी मान्य. हरले.

सोमवारची_सुट्टी

दुनियादारी का नाही? भाषा सोपी, पोरं धडाधड वाचतात.

शेवटचा बाक

भाषा सोपी आहे हे खरंच, संवादांवर चालते, वेग वाढवायला शिरवळकरांसारखा लेखक नाही. पण ते कॉलेजचं जग आहे. कट्टा, दारू, सूड. १६-१७ला द्या. आणि सिनेमा पाहून 'गोष्ट माहितीये' म्हणणाऱ्यांना सांगा की पुस्तक वेगळं आहे.

अर्धविराम

मी फक्त पद्धतीबद्दल लिहितो, नावं बरीच झाली.

निवडायच्या आधी एका पानाची परीक्षा घ्या. पुस्तकाचं पहिलं पान नको, लेखक तिथे जपून लिहितो. साधारण चाळिसावं पान उघडा आणि तिला मोठ्याने वाचू द्या. कळत नसलेल्या शब्दांवर तिनेच पेन्सिलीने टिंब द्यायचं. पाचपर्यंत टिंबं आली तर पुस्तक तिचं. सहा ते दहा असतील तर सोबत वाचायचं. दहाच्या वर गेली की सहा महिने कपाटात.

वेग कमी असण्याची कारणंही वेगवेगळी असतात, तीही याच पानावर दिसतात. 'त्र्य', 'ष्ट्य', 'र्‍या' अशा जोडाक्षरांवर अडखळत असेल तर तो निव्वळ सरावाचा प्रश्न, तीन-चार आठवड्यांत सुटतो. हिंदीतून आलेल्या मुलांची खरी अडचण सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना बदलणाऱ्या शब्दाची असते. 'झाड' माहीत असतं, 'झाडाखालच्यांनी' दिसलं की शब्द नवाच वाटतो. तिथे अर्थ सांगू नका, शब्द फोडून दाखवा: झाड, खाल, च्या, नी. दहा-बारा वेळा फोडला की डोळा आपोआप फोडायला लागतो. तिसरं, 'ळ' आणि दंततालव्य 'च-ज'. जग आणि जन्म यांतले 'ज' वेगळे, हे लिपीत दिसत नाही. चुकीचा उच्चार मनात वाजला की ओळखीचा शब्दही कळत नाही. म्हणूनच आठवड्यातून दोनदा तरी मोठ्याने वाचन हवं.

आवृत्ती बघून घ्या. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी छापलेल्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'नांव' असे अनुस्वार असतात. आजोबांच्या कपाटातली प्रत प्रेमाने दिली जाते आणि मुलीला वाटतं की मराठीत प्रत्येक अक्षराला टिंब आहे. तीच पुस्तकं नव्या छपाईत घ्या.

'श्यामची आई' कुणी ना कुणी भेट देणारच, म्हणून आताच लिहून ठेवतो. साने गुरुजी १९५० साली गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो, त्यामुळे २०११ पासून कुणीही ते छापू शकतं. बाजारात संक्षिप्त आवृत्त्याही आहेत. पूर्ण पुस्तकात ४२ रात्री असतात, अनुक्रमणिका मोजून घ्या. तरी या मुलीला पहिलं पुस्तक म्हणून ते देऊ नये असंच माझं मत. सलग वाचलं तर रडून थकायला होतं. सुट्या रात्री वाचाव्यात.

अवांतर: विज्ञानकथा आवडत असेल तर नारळीकरांचं 'वामन परत न आला' बघा. जमिनीखाली सापडलेली पेटी, तिच्यातली माहिती वापरून घडवलेला यंत्रमानव, आणि मग तो काय करतो. आज चॅटबॉट वापरणारी मुलं त्यावर वाद घालतील. पात्रं जरा पुठ्ठ्याची आहेत, मधेच एखादं पान व्याख्यान होतं. पण भाषा स्वच्छ प्रमाण मराठी, बोली नाही, वाक्यं सरळ. वेग वाढवायला उत्तम.

पानखूण

मंडळी, आभार. म्हणजे सत्तांतर, मग वनवास, मग शाळा असं दिसतंय. चौघीजणी मधे कुठेतरी. दोन प्रश्न राहिले. एक, हॅरी पॉटर मराठीत आहे ना? ते तिला जवळजवळ पाठ आहे. दोन, ऑडिओबुक चालेल का, की वाचायचा आळस वाढेल?

मध्यमपदलोपी

क्रम चांगला आहे. फक्त सत्तांतरचं चाळिसावं पान आधी तिच्यापुढे ठेवून बघा, अर्धविरामांनी सांगितलं तसं.

पॉटर आहे. पहिल्या भागाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. पाठ असलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत वाचणं ही चांगली युक्ती आहे, कारण अर्थ आधीच हातात असतो आणि डोळा फक्त लिपी आणि शब्द पकडतो. पण पूर्ण वाचायचा आग्रह धरू नका. पहिली तीन-चार प्रकरणं झाली की काम झालं. त्यापुढे ती मूळ इंग्रजीशी तुलना करायला लागेल आणि 'इंग्रजीतच मजा होती' म्हणेल. 'परीस' हा शब्द का निवडला असेल, एवढ्यावर मात्र गप्पा मारा. मूळ शब्दाला आपल्याकडे आधीपासून असलेला शब्द चपखल बसवणं म्हणजे काय, ते तिला कळेल.

अनुवाद कसा असावा हे दाखवायचं असेल तर राम पटवर्धनांचं 'पाडस' ठेवा पुढच्या वर्षासाठी. मूळ कादंबरी 'द यर्लिंग', १९३८ची, फ्लोरिडाच्या रानातली. बारा वर्षांचा ज्योडी आणि त्याने पाळलेलं हरणाचं पिल्लू. संवादांना पटवर्धनांनी गावाकडच्या बोलीचा बाज दिला आहे, त्यामुळे ती माणसं फ्लोरिडातली असूनही आपल्या शेजारची वाटतात. जाड आहे, आणि शेवट जड आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात देऊ नका.

दुपारची_सावली

ऑडिओबुकाबद्दल: नुसतं ऐकलं तर वाचन वाढत नाही, पण हातात पुस्तक धरून ऐकलं तर चांगलं वाढतं. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत, तुम्हाला हवं ते आहे का आधी शोधा. वेग ०.७५ वर ठेवा आणि बोट ओळीवर. दहा मिनिटं ऐकत वाचायचं, मग लगेच पुढचं पान आवाज बंद करून. कान अजून गरम असतो, तेवढ्यात डोळा पळतो. संक्षिप्त रूपांतर नाही ना हे तपासा, नाहीतर ओळी जुळत नाहीत आणि पोर वैतागते.

आणि रोजच्या पाच मिनिटांसाठी 'किशोर' मासिक. बालभारती ते १९७१ पासून काढते आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. सत्तरच्या दशकातला एखादा अंक उघडून द्या. गोष्टी वाचेल न वाचेल, चित्रं नि जुनी कोडी बघत मथळे तरी वाचेलच.

काना_मात्रा

एक राहिलं. पुस्तक संपल्यावर 'काय शिकलीस?' विचारू नका. शिरोडकरच्या बाजूने एक पान लिहून दाखव म्हणा, मराठी-इंग्रजी कसंही. लिहिलंन तर इथे टाका.